चोथ्याची बाजू

“आजींचं पोट शेवटचं साफ कधी झालं?”

रात्री अडीच वाजता एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात एका वयस्क नर्सबाईंनी हा प्रश्न विचारला. आईच्या खाटेभोवती आम्ही चार शिकलेली माणसं उभी होतो आणि एकालाही उत्तर देता आलं नाही. माझ्या भावानं माझ्याकडे पाहिलं, मी वहिनीकडे, वहिनीनं दिवसभर आईजवळ असणाऱ्या मावशींकडे. मावशी म्हणाल्या, “जातात की रोज. अर्धा अर्धा तास बसतात.”

बसणं आणि होणं यांत फरक असतो, हे त्या रात्री कळलं.

विसरत तर आई दोन वर्षांपासून होती. चष्मा कुठं ठेवला, गॅस बंद केला की नाही, आज वार कोणता, इथपासून सुरुवात होऊन गोष्ट नातवंडांच्या नावांपर्यंत आली होती. पण त्या तीन दिवसांतलं वागणं वेगळं होतं. पन्नास वर्षांपूर्वी वारलेल्या भावाला ती हाका मारत होती, चादरीवरून नसलेलं काहीतरी वेचत होती, रात्र रात्र जागत होती. आजार पुढच्या पायरीवर गेला, असं आम्ही ठरवूनच टाकलं होतं. मेंदूचा स्कॅन झाला, रक्त तपासलं. सापडलं ते मात्र पोटात. गुदाशयात मळाचे खडे घट्ट बसले होते आणि त्यांच्या दाबानं लघवीही तुंबली होती. एनिमा दिला, नळी घातली. तिसऱ्या दिवशी आईनं मला नावानं हाक मारली आणि चहात साखर कमी आहे म्हणून कुरकूर केली.

तिची विस्मृती बरी झाली नाही. आठवड्यापूर्वी ती जिथं होती तिथं परत आली, एवढंच झालं. डॉक्टर ज्याला डेलिरियम म्हणतात तो हा अचानक आलेला भ्रम होता. आधीच थकलेल्या मेंदूला तो फार लवकर गाठतो, आणि त्याला निमित्त म्हणून तुंबलेलं पोटही पुरतं.

मी अठ्ठावीस वर्षं एका महाविद्यालयात आहारशास्त्र शिकवलं. तंतुमय पदार्थांवरचा तास तर माझ्या हातखंड्याचा. घरी आल्यावर आईच्या ताटाचा हिशेब मी पहिल्यांदा मांडला. सकाळी चहात बुडवून दोन बिस्किटं, दुपारी मऊ भात आणि गाळून घेतलेलं वरण, चार वाजता टोस्ट, रात्री दुधात कुस्करलेला पाव. दिवसभराचा चोथा सात ग्रॅमही भरेना. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली प्रौढांसाठी सांगितलेला आकडा आहे किमान २५ ग्रॅम. कवळी बोचते म्हणून भाकरी बंद झाली, बिया अडकतात म्हणून पेरू, वास येतो म्हणून मेथी. एकेक पदार्थ कमी करताना प्रत्येक वेळी आम्ही तिची सोयच पाहिली होती.

त्या रात्रीच्या प्रश्नाला उत्तर देता यावं म्हणून हे पुस्तक लिहिलं आहे.

पाठ्यपुस्तकात ‘तंतुमय पदार्थ’ म्हणतात, पण मराठी घरातला शब्द चोथा. ऊस चघळून झाल्यावर थुंकून टाकतो तो चोथा, नारळाचं दूध पिळून उरतो तो चोथा. म्हणजे सत्त्व काढून घेतल्यावर उरलेलं, टाकायचं. कोंड्याची गतही तीच. गरिबीत टुकीनं संसार करणारीला ‘कोंड्याचा मांडा’ करणारी म्हणत, त्यात कौतुक तिचं होतं, कोंड्याचं नव्हे. तांदूळ जितका पांढरा, पीठ जितकं चाळलेलं, तितकं घर सुखवस्तू. उखळातला हातसडीचा तांदूळ मागे पडला, मैदा आला, आणि कोंडा गुरांच्या दावणीत गेला.

शास्त्रही बराच काळ याच मताचं होतं. प्रथिनं, चरबी, पिष्ट पदार्थ मोजून झाल्यावर उरतो तो चोथा, असा त्याचा हिशेब. ‘डाएटरी फायबर’ हा शब्दप्रयोग १९५३ साली ऑस्ट्रेलियातले डॉक्टर एबेन हिप्सली यांनी एका लेखात केला, तेव्हा त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. लक्ष गेलं ते १९७० नंतर, डेनिस बर्किट यांच्यामुळे. हे मूळचे आयर्लंडचे शल्यचिकित्सक. युगांडात अनेक वर्षं काम केलेले, आणि लहान मुलांच्या ज्या कर्करोगाला त्यांचं नाव मिळालं त्यामुळे आधीच ख्यातनाम. इंग्लंडमध्ये परतल्यावर त्यांना प्रश्न पडला, की इथले वॉर्ड ज्या रोगांनी भरले आहेत ते युगांडाच्या खेड्यांत इतके विरळ का? मग या नामवंत सर्जननं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांचा मळ वजन करायला सुरुवात केली. क्ष-किरणांत दिसणाऱ्या बारीक गोळ्या गिळायला देऊन त्या किती तासांनी बाहेर पडतात, तेही मोजलं. भरड खाणाऱ्या खेडुतांचा मळ वजनाला कितीतरी जास्त भरे आणि लवकर बाहेर पडे. पांढरा पाव खाणाऱ्यांचा थोडा असे आणि रेंगाळे. बर्किट यांचे सगळेच निष्कर्ष पुढे टिकले नाहीत. पण जो विषय चारचौघांत काढायची लाज वाटते, तो त्यांनी तराजूत घातला. घरात वृद्ध माणूस असलेल्या प्रत्येकानं त्यांच्याकडून निदान एवढं धाडस घ्यावं.

तर चोथा म्हणजे काय? वनस्पतीतला जो भाग आपल्या लहान आतड्यातले पाचकरस तोडू शकत नाहीत, तो. त्याचे स्वभाव वेगवेगळे. गव्हाचा, ज्वारीचा कोंडा फारसा विरघळत नाही, तो मळाला आकारमान देतो. ओट्स, राजमा, सफरचंद यांतला काही भाग पाण्यात विरघळून बुळबुळीत होतो. कांद्यात आणि लसणात इन्युलिन नावाचा प्रकार असतो. भात किंवा बटाटा शिजवून गार केला की त्यातलं थोडं पिष्टही न पचणारं बनतं, आणि तेही चोथ्याच्याच पंगतीला बसतं. इसबगोल म्हटलं की आपल्याला डबा आठवतो. त्याचं पीक येतं उत्तर गुजरात आणि राजस्थानात, उंझा ही त्याची मोठी बाजारपेठ. बियांच्या आकारावरून फारसीत त्याला ‘घोड्याचा कान’ म्हणतात आणि त्यातूनच आपला शब्द आला. इसबगोल पाणी धरून ठेवतं आणि मळ मऊ करतं, पण आतड्यातले जिवाणू ते फारसं खात नाहीत. म्हणून ‘रोज इसबगोल घेते, आता भाजी कशाला?’ हा हिशेब चुकतो.

जिवाणू खातात, हा मुद्दा महत्त्वाचा. आपल्या शरीरात पेशी जेवढ्या, साधारण तेवढेच जिवाणू राहतात आणि त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात. आपल्याला न पचलेला चोथा ही त्यांची शिदोरी. ते तो आंबवतात, आपण इडलीचं पीठ आंबवतो तसा, आणि त्यातून काही आम्लं तयार होतात: अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपली बहुतेक ऊर्जा याच ब्युटिरेटमधून मिळवतात. शिदोरी आली नाही तर काय होतं, हे उंदरांवरच्या २०१६ सालच्या एका प्रयोगात दिसलं. उपाशी जिवाणूंनी आतड्याच्या भिंतीवरचा बुळबुळीत संरक्षक थरच खायला घेतला.

आता मेंदूकडे. पोटाचा आणि मनाचा संबंध मराठी माणसाला सांगावा लागत नाही. माया पोटात असते, गुपित पोटात ठेवतात, लेकरासाठी आतडं तुटतं, आणि परीक्षेच्या सकाळी पोटात गोळा येतो. शास्त्रानं हे आपल्या पद्धतीनं शोधलं. १८९९ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी दाखवलं, की बाहेरच्या मज्जातंतूंचा संबंध तोडला तरी आतडं अन्न पुढे ढकलत राहतं. म्हणजे त्याच्या भिंतीतच स्वतःची यंत्रणा आहे. ती यंत्रणा कोट्यवधी चेतापेशींची आहे, हे पुढे स्पष्ट झालं, आणि मायकेल गर्शन या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९९८ साली तिच्यावरच्या पुस्तकाला ‘द सेकंड ब्रेन’ असं नाव दिलं. पोट आणि मेंदू यांना जोडणारी मुख्य तार म्हणजे व्हेगस मज्जातंतू. तिच्यातले बहुसंख्य धागे पोटाकडून वर बातमी नेणारे आहेत, वरून हुकूम आणणारे थोडे.

चोथ्याचा परिणाम मेंदूपर्यंत कसा पोहोचत असावा, याच्या तीन वाटा अभ्यासक सांगतात. एक ही तार. दुसरी वाट रक्ताची: आतड्याचं अस्तर नीट असेल तर नको ते रक्तात झिरपत नाही आणि शरीरभर मंद धुमसणारा दाह कमी राहतो. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ साली दाखवलं, की पूर्णपणे जिवाणूविरहित वाढवलेल्या उंदरांत मेंदूभोवतीची संरक्षक भिंत ढिली राहते. ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करणारे जिवाणू दिले की ती घट्ट होते. तिसरी वाट कमी नवलाची आणि सर्वांत पक्की. चोथा रक्तातली साखर हळू चढू देतो, त्यातला विरघळणारा भाग वाईट कोलेस्टेरॉल उतरवतो. मेंदू रक्तवाहिन्यांवर जगतो. त्या चांगल्या राहिल्या तर स्मृतीला आधार मिळतो. २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या अभ्यासकांनी १८५ निरीक्षणात्मक अभ्यास आणि ५८ चाचण्या एकत्र तपासल्या. सर्वांत जास्त चोथा खाणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात, टाइप २ मधुमेह आणि आतड्याचा कर्करोग यांचं प्रमाण सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा १५ ते ३० टक्क्यांनी कमी आढळलं.

आणि प्रत्यक्ष स्मृतीचं काय? इथं मी वाचकाला थोडं सावकाश न्यायचं ठरवलं आहे, कारण बाजारातली निम्मी फसवणूक याच वळणावर होते.

जपानमध्ये त्सुकुबा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ साली एक दीर्घ अभ्यास प्रसिद्ध केला. चाळिशी ते चौसष्टीतल्या ३,७३९ माणसांच्या आहाराची नोंद १९८५ ते १९९९ या काळात घेतली होती. पुढे दोन दशकं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ६७० जणांना, दुसऱ्याचा आधार लागावा इतका डिमेन्शिया, म्हणजे विस्मृतीचा आजार, झाला. चोथा जास्त खाणाऱ्यांत ही शक्यता कमी दिसली, विशेषतः विरघळणारा चोथा खाणाऱ्यांत. हे आशादायक आहे. पण भरपूर भाज्या-कडधान्यं खाणारा माणूस बहुधा चालतोही जास्त आणि सिगारेट ओढतो कमी, मग श्रेय नक्की कुणाला द्यायचं?

म्हणून प्रयोग लागतात. लंडनच्या किंग्ज कॉलेजनं साठीपुढच्या जुळ्या भावंडांच्या ३६ जोड्या घेतल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाला रोज साडेसात ग्रॅम चोथ्याची पूड मिळाली, दुसऱ्याला दिसायला तशीच पण परिणामशून्य पूड. व्यायाम आणि प्रथिनांची पूड दोघांनाही सारखीच. बारा आठवड्यांनी पाहिलं, तर चोथा घेणाऱ्यांच्या पोटात बायफिडोबॅक्टेरियम हे उपकारक जिवाणू वाढले होते आणि स्मरणाच्या चाचणीत त्यांचे गुण वाढले होते. २०२४ साली हा निबंध ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आला आणि वर्तमानपत्रांत मथळे झळकले. मथळ्यांत बहुधा निसटलं ते असं: ही माणसं निरोगी होती, विस्मृतीची रुग्ण नव्हती, संख्या बहात्तर, काळ तीन महिने, आणि प्रयोगाचा मूळ हेतू स्नायूंची ताकद हा होता, तिच्यात काही फरक पडला नाही.

माझं मत विचाराल तर हा एक सुंदर, छोटा, पुढच्या कामाला दार उघडणारा प्रयोग आहे. ज्याची स्मृती आधीच ढासळली आहे त्याची ती चोथ्यानं परत येते, असं यातून निघत नाही. २०२४ साली ‘लॅन्सेट’च्या डिमेन्शिया आयोगानं टाळता येण्याजोगी चौदा कारणं मांडली. त्यांत बहिरेपण आहे, रक्तदाब आहे, मधुमेह आहे, एकटेपणा आहे, कोलेस्टेरॉल आहे. चोथ्याचा वेगळा उल्लेख नाही. पण त्या यादीतल्या मधुमेहाशी आणि कोलेस्टेरॉलशी त्याचं जवळचं नातं आहे, हे विसरू नये.

एक उलटा धागाही आहे. आयर्लंडमधल्या कॉर्क शहराच्या परिसरातल्या १७८ वृद्धांचा २०१२ सालचा अभ्यास सांगतो, की स्वतःच्या घरात राहणाऱ्यांच्या आतड्यात जिवाणूंची विविधता जास्त होती आणि कायमच्या शुश्रूषागृहात राहणाऱ्यांत कमी. हा फरक आहाराशी जुळत होता आणि अशक्तपणाशीही. शुश्रूषागृहात काय मिळतं? मऊ, सारखं, चावायला सोपं. माझ्या आईच्या ताटासारखं. विस्मृती झालेला माणूस मुळातच कमी पाणी पितो, कारण तहान लागल्याचं त्याच्या लक्षात येत नाही. त्याला गोड आवडू लागतं. संडासला लागली तरी सांगता येत नाही, संडासाचं दार आठवत नाही, आणि आपण जाऊन आलो की नाही हेही. म्हणजे पोटामुळे मेंदू बिघडतो की मेंदूमुळे पोट, या वादाचा निकाल लागेपर्यंत दोघंही एकमेकांना खाली ओढत असतात.

भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असावा, असा अंदाज ‘लासी-डॅड’ या राष्ट्रीय अभ्यासातून २०२३ साली मांडला गेला. प्रमाण ७.४ टक्के; पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. यांतल्या बहुतेकांची देखभाल घरीच होते. बहुतेक घरांत ती करते सून, मुलगी किंवा बायको. आणि याच ठिकाणी आपली लाज आडवी येते. सासू सुनेला सांगत नाही, बाप मुलाला सांगत नाही, आणि कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं: ‘होतंय ठीक.’

या पुस्तकात काय आहे ते आता सांगते. पहिल्या भागात स्वयंपाकघर आहे. ज्वारी-बाजरी-नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात दहा-अकरा ग्रॅम चोथा असतो, तेवढ्याच पांढऱ्या तांदळात तीन ग्रॅमपेक्षाही कमी. मूठभर मोड आलेल्या मुगाची उसळ घातली की चार-पाच ग्रॅमची भर पडते. ज्यांना चावता येत नाही त्यांच्यासाठी ज्वारीच्या कण्या, नाचणीची आंबील, ताकात भिजवलेली भाकरी, किसून वाफवलेली गाजरं, मिक्सरमधून काढलेली पण न गाळलेली पालेभाजी, बिया काढलेला पिकला पेरू, जवसाची चटणी. मऊ असणं आणि चोथा नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एक वाक्य लक्षात राहिलं तरी पहिला भाग वसूल झाला.

दुसऱ्या भागात सावधगिरी आहे, आणि तो भाग वगळून पहिला वाचू नये. चोथा एकदम वाढवला की पोट फुगतं, वारा सरतो, आणि म्हातारं माणूस दुसऱ्या दिवशी ताट सारून देतं. तो आठवड्या-आठवड्यानं वाढवायचा, आणि सोबत पाणी. इसबगोल कोरडं किंवा घोटभर पाण्यात कधीही देऊ नये, ते घशात किंवा आतड्यात फुगून अडकतं. ज्यांना गिळताना ठसका लागतो, जे अंथरुणाला खिळले आहेत, ज्यांच्या पोटात आधीच खडे बसले आहेत, त्यांना चोथा वाढवण्याआधी डॉक्टरांनी तपासायलाच हवं. शौचातून रक्त, उतरतं वजन, अचानक बदललेली सवय, अचानक आलेला भ्रम, यांवर भाकरी हा उपाय नाही. लगेच दवाखाना गाठावा.

औषधांची पिशवीही ओतून पाहावी. लोहाच्या गोळ्या, काही कॅल्शियमच्या गोळ्या, काही वेदनाशामकं पोट बांधतात. सर्दीची, झोपेची, लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेली काही औषधं तर दुहेरी काम करतात: आतडं सुस्त करतात आणि डोकंही धुकट करतात. स्वतः बंद करू नयेत, पण डॉक्टरांपुढे ती पिशवी जरूर उपडी करावी. आणि विस्मृती दिसली की चोथ्याच्याही आधी बी-१२ आणि थायरॉइड तपासावं. पुण्यात के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याकडची बी-१२ची कमतरता किती पसरलेली आहे हे वर्षानुवर्षं दाखवून दिलं आहे. मधुमेहावरची मेटफॉर्मिन आणि वर्षानुवर्षं घेतलेली काही आम्लपित्ताची औषधं ती आणखी वाढवू शकतात. कितीही उसळ खाल्ली तरी बी-१२ तीतून मिळत नाही.

तिसरा भाग माझ्या मनाजवळचा आहे, आणि तो मला आईनं शिकवला.

रुग्णालयातून घरी आल्यावर मी उत्साहानं तिच्यापुढे भरड पिठाची भाकरी ठेवली. तिनं ताट ढकललं. “हे मिलोचं आहे,” म्हणाली. मला आधी उलगडेना. मग आठवलं. बाहत्तरच्या दुष्काळात आई बार्शी तालुक्यात नव्यानं नांदत होती, खडी फोडायच्या कामावर जात होती. परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिलो, तेव्हा रेशनवर मिळायची. त्या पिढीला भरड म्हणजे काय वाटतं, हे आम्हा पोषणतज्ज्ञांच्या तक्त्यांत कुठंच नसतं. ज्यांनी गव्हाची पोळी फक्त सणाला पाहिली, त्यांना म्हातारपणी पांढरा पाव मिळणं म्हणजे कष्ट संपल्याची खूण. आम्ही आरोग्य वाढत होतो, आणि तिला ताटात परत दुष्काळ दिसत होता. कालचं जेवण तिला आठवत नव्हतं, मिलो आठवत होता.

विस्मृतीच्या आजारात बहुधा असंच होतं. अलीकडचं आधी पुसलं जातं, जुनं उशिरापर्यंत टिकतं, आणि हातांनी केलेल्या कामांची आठवण आणखी उशिरापर्यंत. एकदा हे कळल्यावर मी दुसऱ्या बाजूनं गेले. तिच्या माहेरी पांढऱ्याशुभ्र मालदांडी ज्वारीची पातळ भाकरी व्हायची, ती केली. तिच्यापुढे ताट आणि एक कांदा ठेवला. तिनं कांदा मुठीनं फोडला. कुणी सांगितलं नव्हतं. भाकरीचा पापुद्रा सोडवला, ताकात बुडवला आणि खाल्ला. कांद्यातलं इन्युलिन तिच्या जिवाणूंपर्यंत पोहोचलं ते माझ्या ज्ञानामुळे नव्हे, तर साठ-पासष्ट वर्षं जुन्या एका मुठीच्या सवयीमुळे.

पोटाकडून मेंदूकडे जाणारी वाट शास्त्रज्ञ अजून मोजताहेत, आणि ती मोजून होईपर्यंत आपल्या घरातली बरीच म्हातारी माणसं थांबणार नाहीत. पण मेंदूकडून पोटाकडे येणारी वाट आजच आपल्या पायाखालची आहे. माणसाच्या उरलेल्या आठवणीला धरून त्याच्या ताटापर्यंत जाता येतं. कुणाची वाट कुळथाच्या पिठीतून जाते, कुणाची हुरड्यातून, कुणाची उकड्या तांदळाच्या पेजेतून. म्हणून या भागात मी पाककृती कमी दिल्या आहेत आणि प्रश्न जास्त: लहानपणी सकाळी काय खायचात? शेतात न्याहारीला काय यायचं? कुठल्या दिवसांत उपास घडायचा? शेवटचा प्रश्न गाळू नका. मिलो तिथंच सापडतो.

हे पुस्तक वाचून कुणाची स्मृती परत येईल, असं वचन मी देत नाही. एखादी पोटदुखी टळते, एखादी भ्रमाची रात्र टळते, साखर आटोक्यात राहते, माणूस थोडं अधिक चवीनं जेवतो, हे मात्र मी पाहिलं आहे. त्या पलीकडे मेंदूला काही लाभ झालाच, तर तो वरकड.

प्रस्तावना संपल्यावरचं पान मुद्दाम तुम्हाला भरायला ठेवलं आहे. त्यावर चौदा दिवसांचे चौदा चौकोन आहेत आणि प्रत्येकात तीनच ओळी: काय खाल्लं, किती पेले पाणी, पोट साफ झालं का. ‘बसल्या’ असं लिहू नका, ‘झालं’ किंवा ‘नाही’ लिहा. पहिले चौदा दिवस काहीही बदलू नका, फक्त लिहा. आमच्या घरचा असा कागद फ्रिजच्या दारावर तीन वर्षं आहे. त्यातलं अक्षर कधी वहिनीचं, कधी मावशींचं, कधी माझं. ज्याला आठवत नाही त्याच्या वतीनं कुणीतरी लक्षात ठेवायला हवं. रात्री अडीचला कुणी विचारलंच, तर उत्तर घरात कुठंतरी लिहिलेलं असावं.

तेवढं पान भरलं, की मग पुस्तक उघडा.